जोडलेल्या मणक्याचे जुने दुखणे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया

मणका सरकणे, क्षयरोगाने पोखरला जाणे किंवा अपघातात मोडणे अशा कारणांनी काही वेळा दोन मणके कायमचे जोडावे लागतात. न्यूयॉर्कमधील रसेल हिब्ज व फ्रेड ऑल्बी यांनी १९११ मध्ये ही शस्त्रक्रिया केली. आता हाडाच्या तुकड्यांबरोबर टायटॅनियमचे स्क्रू व सळ्याही वापरतात.

जोडलेला भाग हलत नाही. साहजिकच वाकण्या-वळण्याचा ताण शेजारच्या मणक्यांवर येतो. काही रुग्णांत कालांतराने तेथील चकती झिजते, नस दबते आणि पायात कळ जाते. पहिल्या शस्त्रक्रियेचे व्रण मज्जारज्जूच्या आवरणाला व नसांना चिकटलेले असल्याने, त्याच वाटेने पुन्हा शिरताना आवरण फाटण्याचा धोका वाढतो.

येथे दुर्बिणीची शस्त्रक्रिया उपयोगी पडू शकते. सुमारे दोन सेंटिमीटर किंवा त्याहून लहान छेदातून नळी घालून, शक्य असेल तेथे कुशीच्या बाजूने जुना व्रण टाळत नसेवरील दाब काढला जातो. स्नायूंना इजा कमी होते व रुग्ण लवकर चालू लागतो. मात्र स्क्रू सैल झाले असतील, हाड जुळले नसेल, जंतुसंसर्ग असेल किंवा कणा वाकला असेल, तर केवळ दाब काढून भागत नाही. अनेकदा मोठी शस्त्रक्रियाच करावी लागते.

धाराशिव जिल्ह्यातील रुग्णाला अशा उपचारांसाठी बहुधा सोलापूर, लातूर किंवा पुणे गाठावे लागते. नवे डॉक्टर, नवे रुग्णालय. अशा वेळी जुनी कागदपत्रे मोलाची ठरतात. शस्त्रक्रियेचा अहवाल, बसविलेल्या स्क्रूंची माहिती आणि आधीचे एक्स-रे जपून ठेवावेत. स्क्रूमुळे एमआरआयचे चित्र धूसर येऊ शकते. हाड जुळले की नाही, हे सीटी स्कॅनवर अधिक स्पष्ट दिसते.

तंबाखू, विडी व मिश्री यांतील निकोटिनमुळे हाड जुळण्यास अडथळा येतो. त्यामुळे शस्त्रक्रियेआधीच ही सवय सोडणे हिताचे.

पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे, जांघेत बधिरता येणे किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे ही धोक्याची लक्षणे होत. अशा वेळी मालिश वा शेक यांत वेळ न दवडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. उशीर झाल्यास नसांची हानी कायमची ठरू शकते.