पन्नास टनांचे यंत्र ते टेबलावरची डबी : ध्वनीचा कन्व्हर्टर घरात कसा आला?

१/
३० सप्टेंबर १९८२. अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘नेब्रास्का’ हा अल्बम प्रसिद्ध झाला. न्यू जर्सीतील एका भाड्याच्या घरात तो साध्या कॅसेटवर ध्वनिमुद्रित झाला होता. दुसऱ्याच दिवशी, १ ऑक्टोबरला, सोनीने जपानमध्ये पहिला कॉम्पॅक्ट डिस्क प्लेयर विक्रीस आणला. एकीकडे घरगुती टेपची खरखर, दुसरीकडे प्रयोगशाळेतून आलेली स्वच्छता. या दोन वाटा एकत्र कशा आल्या आणि त्यामुळे कलावंताच्या हाती काय आले, त्याचा हा इतिहास.

२/
आधी कन्व्हर्टर म्हणजे काय ते पाहू. मायक्रोफोन हवेतील कंपनांचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. कन्व्हर्टर तो चढउतार सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि प्रत्येक माप संख्येत नोंदवतो. ऐकताना हीच क्रिया उलट होते. या दारातून जे आत आले नाही, ते पुढे कोणत्याही यंत्राने परत मिळत नाही. आडात नाही, ते पोहऱ्यात येणार कुठून?

३/
या कल्पनेचा जन्म संगीतासाठी झालाच नाही. १९३७ च्या सुमारास ॲलेक रीव्हज हा इंग्रज अभियंता पॅरिसच्या एका प्रयोगशाळेत टेलिफोनच्या प्रश्नावर काम करत होता. लांब पल्ल्याच्या तारेवर आवाज क्षीण होई. तो वाढवावा, तर सोबतची खरखरही वाढे. रीव्हजने सुचवले की आवाजाऐवजी त्याची मापे पाठवावीत. ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगणारा स्पंद वाटेत मळला, तरी तो पुन्हा नव्याने कोरा करता येतो. १९३८ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. परंतु व्हॅक्यूम ट्यूबच्या त्या काळात हे यंत्र परवडणारे नव्हते.

४/
ते परवडले ते महायुद्धाला. १९४३ मध्ये वॉशिंग्टन आणि लंडन यांच्यातील गुप्त संभाषणासाठी बेल प्रयोगशाळेची ‘सिगसॅली’ ही यंत्रणा सुरू झाली. ती मानवी वाणीचे विश्लेषण करून त्याच्या संख्या करी आणि त्या सांकेतिक करून पाठवी. एका ठाण्याची यंत्रसामग्री ५० टनांहून अधिक वजनाची होती. लंडनचे ठाणे सेल्फ्रिजेस या प्रसिद्ध दुकानाच्या तळघरात होते. आवाजाचे संख्येत रूपांतर करण्यासाठी तेव्हा तळघर लागत असे.

५/
त्याच दशकात हॉलिवूडमधील एका घराच्या गॅरेजमध्ये गिटारवादक लेस पॉल वेगळाच उद्योग करत होता. तो एका तबकडीवर गिटार मुद्रित करी. मग ती वाजवून, तिच्या साथीने दुसरे वादन नव्या तबकडीवर घेई. १९४८ च्या ‘लव्हर’ या ध्वनिमुद्रिकेत त्याने स्वतःच्याच गिटारवादनाचे आठ थर रचले. मात्र प्रत्येक नव्या थरासोबत जुन्या थरांची झीज होई आणि खरखर वाढे. म्हणजे जो प्रश्न रीव्हजला तारेवर भेटला, तोच लेस पॉलला तबकडीवर भेटला.

६/
त्यावर लेस पॉलचा उपाय संख्येचा नव्हता, वेगळ्या ट्रॅकचा होता. १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीचा आठ ट्रॅकचा टेप रेकॉर्डर त्याच्या घरी आला. किंमत सुमारे १०,००० डॉलर. आठ ट्रॅक हाताळायला तसा मिक्सरही हवा. तो राइन नार्मा या अभियंत्याने खास त्याच्यासाठी बांधला. रेकॉर्डर बदलला की मिक्सर बदलावा लागतो, हा घरगुती स्टुडिओचा नियम इतका जुना आहे.

७/
१९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ १४४’ आणला. चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणि मिक्सर एकाच पेटीत. जानेवारी १९८२ मध्ये स्प्रिंगस्टीनने घरी याच पेटीवर गाणी मुद्रित केली. ती केवळ वादकवृंदाला ऐकवण्यासाठीचा कच्चा खर्डा होती. पुढे स्टुडिओत वादकांसह तीच गाणी पुन्हा घेतली गेली, पण घरातल्या कॅसेटवरचे काहीतरी तिथे उतरेना. अखेर ती कॅसेटच अल्बम म्हणून काढायचे ठरले.

८/
तेव्हा खरी अडचण उभी राहिली. कॅसेटवरचा आवाज क्षीण होता आणि त्यात खरखर मिसळलेली होती. तिच्यापासून तबकडी तयार करताना तंत्रज्ञांची दमछाक झाली. गाण्यातला प्राण पहिल्या वेळीच उतरला होता, पण पात्र गळके होते. घरगुती ध्वनिमुद्रणाचा सगळा पेच या एका प्रसंगात दिसतो. कलावंत तयार असतो, त्याच्या घरातले दार अरुंद असते.

९/
दरम्यान रुंद दार मोठ्या कंपन्यांच्या हाती आले होते. १९७२ मध्ये जपानच्या डेनॉनने आठ चॅनलचा डिजिटल रेकॉर्डर वापरात आणला. अमेरिकेत थॉमस स्टॉकहॅम यांच्या साउंडस्ट्रीम कंपनीने १९७६ मध्ये सँटा फे ऑपेराचे डिजिटल मुद्रण केले. हेच स्टॉकहॅम वॉटरगेट प्रकरणातील टेपमधल्या साडेअठरा मिनिटांच्या रिकाम्या जागेची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञमंडळाचे सदस्य होते.

१०/
सेकंदाला ४४,१०० मापे हा सीडीचा आकडा आला कुठून? माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते आणि मापे त्याच्या दुपटीहून अधिक लागतात. पण नेमके ४४,१००? स्टिरिओसाठी सेकंदाला १४,११,२०० बिट साठवायचे, तर त्या काळी सोयीचे साधन म्हणजे व्हिडिओ टेप. पडद्याच्या प्रत्येक रेषेत ३ मापे, २४५ रेषा, सेकंदाला ६० वेळा. गुणाकार केला की ४४,१००. युरोपीय पद्धतीत ३ × २९४ × ५०, उत्तर तेच. दूरचित्रवाणीच्या रेषांनी संगीताचे माप ठरवले.

११/
हे तंत्र घरात यायला अडथळा होता तो किमतीचा. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. त्या काळच्या कन्व्हर्टरमध्ये या पायऱ्या अतिशय काटेकोर रोधकांनी, म्हणजे रेझिस्टरनी, साधाव्या लागत. १९६२ मध्ये टोकियोतील इनोसे, यासुदा आणि मुराकामी यांनी ‘डेल्टा-सिग्मा’ ही निराळी पद्धत मांडली होती. तिचे तत्त्व असे : माप ढोबळ घ्या, पण प्रचंड वेगाने घ्या आणि मग गणिताने त्यातून सूक्ष्म मूल्य काढा. काटेकोर रोधकांपेक्षा वेगवान चिप स्वस्त होत गेल्या, तशी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत संगीताच्या कामी आली.

१२/
जानेवारी १९९१ मध्ये अलेसिस कंपनीने ‘एडॅट’ दाखवला आणि पुढच्या वर्षी तो विक्रीस आला. आठ ट्रॅक, १६ बिट, साठवण एस-व्हीएचएस व्हिडिओ कॅसेटवर, किंमत ३,९९५ डॉलर. अशी १६ यंत्रे जोडून १२८ ट्रॅक करता येत. तेवढ्या वाटांना मिक्सरही हवा होता. वॉशिंग्टन राज्यात ग्रेग मॅकी यांनी आपल्या राहत्या घरातून सुरू केलेल्या कंपनीचे छोटे, स्वस्त मिक्सर याच काळात घरोघरच्या स्टुडिओंत पोहोचले.

१३/
परिणाम लवकरच दिसला. १९९५ चा ॲलानिस मोरिसेटचा ‘जॅगेड लिटल पिल’ निर्माता ग्लेन बॅलार्ड यांच्या घरच्या स्टुडिओत, एडॅटवर घडला. कच्च्या मुद्रणासाठी गायलेला तिचा आवाजच बहुतांशी अंतिम अल्बममध्ये राहिला आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. ‘नेब्रास्का’च्या वेळी जे ओढूनताणून साधावे लागले, ते तेरा वर्षांनी सहज घडले. खर्डा आणि अंतिम प्रत यांमधली भिंत कोसळत होती.

१४/
पुढची पायरी २४ बिटची. १६ बिटमध्ये मुद्रण करताना आवाज कमाल मर्यादेच्या जवळ ठेवावा लागे. गायिकेने अचानक वरचा स्वर जोरात लावला, की आवाज फाटे आणि ती ओळ वाया जाई. २४ बिटमध्ये १,६७,७७,२१६ पायऱ्या असतात. प्रत्यक्षातील विद्युत-मंडले त्या सगळ्या वापरू शकत नाहीत, तरी वर भरपूर जागा मोकळी ठेवूनही सूक्ष्म स्वर टिकतो. पुन्हा न घडणाऱ्या क्षणाला मिळालेले हे संरक्षणच होय.

१५/
मग मिक्सरचे काय झाले? मिश्रणाचे काम संगणकात गेले. टेबलावर उरली ती मायक्रोफोनचा संकेत वाढवणारा प्रीॲम्प आणि कन्व्हर्टर सामावणारी छोटी पेटी. एडॅटच्या टेप इतिहासजमा झाल्या, पण आठ चॅनल एकाच प्रकाशतंतूतून नेणारी त्याची जोडणी जिवंत आहे. आजही घरच्या स्टुडिओत आणखी आठ मायक्रोफोन जोडायचे, तर अनेकदा ‘एडॅट’ असे लिहिलेल्या त्याच खाचेत केबल लावली जाते.

१६/
या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. प्रत्येक पिढीत गळती वेगळ्या जागी होती : लेस पॉलच्या तबकडीत, स्प्रिंगस्टीनच्या कॅसेटमध्ये, मग सोळा बिटांच्या मर्यादेत. ज्याने गळतीची जागा अचूक ओळखली, त्याचा खर्च सार्थकी लागला. आज साधारण किमतीचा कन्व्हर्टरही त्या काळच्या बड्या स्टुडिओतील यंत्रांना मागे टाकतो. त्यामुळे गळती बहुधा खोलीच्या घुमण्यात किंवा मायक्रोफोनच्या जागेत सापडते आणि ती नवी पेटी विकत घेऊन बुजत नाही.

१७/
जानेवारी २०२० मध्ये बिली आयलिशच्या पहिल्या अल्बमला वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. तो मुख्यतः लॉस एंजेलिसमधील तिच्या आईवडिलांच्या घरी, भावाच्या झोपण्याच्या खोलीत मुद्रित झाला होता. १९४३ मध्ये आवाजाच्या संख्या करण्यासाठी ५० टन लोखंड लागले आणि बोलण्याचा अधिकार राष्ट्रप्रमुखांना व सेनानींना होता. आज तेच काम हातात मावणारी डबी करते. तिच्यासमोर कोणी गावे, हे आता कोणत्याही सरकारला किंवा कंपनीला विचारावे लागत नाही.