साडेसोळाशे अंक, साडेपाच हजार सह्या

लालबागच्या आमच्या चाळीत आमच्या मजल्यावर पेपर एकच यायचा, ‘नवाकाळ’, आणि तो मोठ्यानं वाचायचा मान माझा. १९७२-७३ सालची गोष्ट, मी सातवीत होते. रात्री जेवणं उरकली की शेजारच्या गाळ्यातले बापे गॅलरीत बल्बखाली येऊन बसायचे. त्या एका खोलीत अकरा जण राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे, सगळे संगमेश्वर-देवरुखकडचे. त्यातल्या तिघांना वाचता यायचं, पण आठ तास साच्यांपुढे उभं राहून आल्यावर बारीक टाइपाकडे बघायची कुणाची तयारी नसे. महागाई भत्त्याचा आकडा आला की शेवटच्या खोलीतले काका हात वर करत, “पोरी, तेवढं परत वाच.” मी परत वाचायची. सकाळच्या पाळीबरोबर तो आकडा गिरणीत जायचा आणि संध्याकाळी थोडा फुगून चाळीत परत यायचा.

पुढे शाळेत इतिहास शिकवताना गिरणी कामगारांसाठी झटलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांच्याबद्दल वाचलं तेव्हा ही गॅलरी डोळ्यांसमोर उभी राहिली. पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात.

लोखंड्यांनी पुढे चालवलेला ‘दीनबंधु’ मुळात कृष्णराव भालेकरांनी काढला तो १८७७च्या जानेवारीत, पुण्यात. भालेकर भांबुर्ड्याचे, म्हणजे आजच्या शिवाजीनगरचे. सत्यशोधक समाजाचं म्हणणं मांडणारं हे साप्ताहिक. शेतकरी, कारागीर, मजूर यांच्या बाजूनं लिहिणारं. पैशाअभावी ते चालेना. १८८० साली लोखंड्यांनी ते मुंबईत आणलं. लोखंडे जन्मानं ठाण्याचे, मूळ गाव कन्हेरसर, शिक्षण बेताचं. रेल्वेत, पोस्टात नोकरी करून ते मांडवीच्या एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. मला ही नोकरी महत्त्वाची वाटते. गिरणीत काय चालतं हे त्यांना कुणी येऊन सांगायची गरज नव्हती. कामगार किती वाजता आत शिरतो, केव्हा बाहेर पडतो, पगार किती महिने तुंबतो, हे रोज डोळ्यांपुढे होतं.

तेव्हाची पाळी म्हणजे उजाडल्यापासून मावळेपर्यंत. १८८१चा फॅक्टरी कायदा झाला होता, पण तो मुख्यतः मुलांपुरता: सात वर्षांखालच्यांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वयाच्यांना नऊ तासांहून जास्त राबवू नये. मोठ्या माणसांच्या कामाच्या तासांबद्दल त्यात अक्षर नव्हतं. सुट्टी सणावाराची. रविवारी गिरणी बंद असलीच तर यंत्रं पुसायला माणसं लागायचीच.

१८८४च्या सुमारास ‘दीनबंधु’चा खप आठवड्याला साडेसोळाशेच्या घरात होता. त्याच वर्षी सप्टेंबरात लोखंड्यांच्या पुढाकारानं परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि फॅक्टरी कमिशनकडे अर्ज गेला. मागण्या पाच. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू, सूर्यास्ताला बंद. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार, कायमचा अधू झाला तर पोटाची सोय. अर्जाखाली सह्या साडेपाच हजार.

अंक साडेसोळाशे आणि सह्या साडेपाच हजार. बरं, ते सगळे अंक काही गिरणगावात खपत नव्हते. या दोन आकड्यांच्या मध्ये मला आमच्या गॅलरीसारखी एखादी जागा दिसते. कुणीतरी वाचलं असणार, कुणीतरी “परत वाच” म्हटलं असणार.

सहीचीही एक गोष्ट आहे. जुन्या मराठी दस्तांवर अक्षरशत्रू कुणबी नावापुढे नांगर काढायचा. लिहिणारा शेजारी नोंद करायचा, ‘निशाणी नांगर’. पुढे नांगराच्या जागी डावा अंगठा आला. माझे वडील चाळिशीत सही शिकले. पाटीवर मीच गिरवून घेतली होती. तीन अक्षरं, त्यातलं मधलं दर वेळी वेगळं यायचं. एकदा त्यांच्या गिरणीच्या ऑफिसनं सही जुळत नाही म्हणून रजेचे पैसे दोन महिने अडकवून ठेवले. वडील म्हणाले, “अंगठाच बरा होता.” लिहायला शिकण्याचे असेही चटके असतात.

१८८४चा अर्ज तसाच पडून राहिला. लोखंड्यांनी लिहिणं सोडलं नाही, अर्जही सोडले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत दहाएक हजार कामगारांची सभा झाली. तिथं दोन कामगार बायका उभ्या राहून बोलल्या. त्या काळात, भर सभेत! त्यांचं बोलणं कुणी शब्द न् शब्द टिपून ठेवायला हवं होतं. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघानं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी सुधारलेला फॅक्टरी कायदा आला.

आता हे सगळं एका साप्ताहिकानं घडवलं असं मी म्हणणार नाही. वर्गात मुलांना तसं सांगायला सोपं जायचं, पण ते खोटं ठरेल. मुंबईच्या स्वस्त मजुरीमुळे मँचेस्टर-लँकेशायरच्या गिरणीवाल्यांच्या पोटात दुखत होतं. हिंदुस्थानातही कामाच्या तासांना लगाम बसावा म्हणून ते विलायतेत सरकारच्या मागे लागले होते, आणि त्यात कामगारांच्या कळवळ्यापेक्षा धंद्याचा हिशेब मोठा होता. मालकांवर दाब आला तो दोन्हीकडून. पण लँकेशायरवाल्याला आपल्या सोयीचा कायदा हवा होता. दुपारचा अर्धा तास, पंधरा तारखेच्या आतला पगार आणि तुटलेल्या हाताची भरपाई मागायला मांडवीच्या स्टोअरकीपरचीच नजर लागते. या मागण्या कागदावर आल्या नसत्या तर नाकारायला तरी कोणाला मिळाल्या असत्या?

रविवारच का, याबद्दल सांगतात की तो खंडोबाचा वार म्हणून लोखंड्यांनी आग्रह धरला. मला हे पटतं. मालकाला साहेबाचा वार दिसावा आणि कामगाराला आपल्या देवाचा, एवढं चातुर्य त्या माणसात नक्कीच होतं.

१८९७च्या प्लेगमध्ये रोग्यांची सेवा करता करता लोखंडे स्वतःच प्लेगनं गेले. टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं २००५ साली. आमच्या चाळीत रविवारी घरोघर मटणाचा वास सुटायचा, बापे दुपारी ताणून द्यायचे, पण लोखंड्यांचं नाव मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. मी स्वतः रोज पेपर वाचणारी, मलाही ते ठाऊक नव्हतं.

‘दीनबंधु’चे जुने अंक आज सहजी बघायला मिळत नाहीत. साप्ताहिक वाचून झालं की त्यात चणे बांधले जातात, भिंतीच्या फटी बुजवल्या जातात. कामगारांच्या वस्तीत तर कागद दोनदा वापरल्याशिवाय फेकत नाहीत. तुमच्या घरात आजोबांची पत्र्याची ट्रंक असेल तर तळाशी एकदा हात घाला. गिरणीचं हजेरीकार्ड, युनियनची पावती, कुणाकडून तरी लिहून घेतलेल्या अर्जाची नक्कल असं काही निघालं तर रद्दीवाल्याला देऊ नका. निदान त्याआधी घरातल्या एखाद्या पोरीला ते मोठ्यानं वाचायला सांगा.