लव्हाळे आणि होलोसीनचे हवामान (मध्य भारत)

लव्हाळा हे मुस्तक कुलातील पाणथळ वनस्पतींचे ढोबळ नाव. नागरमोथा याच कुलातला. तुकारामांच्या अभंगामुळे लव्हाळा मराठी माणसाला नावाने ठाऊक असतो, ओळखता मात्र फारसा कोणाला येत नाही. दिसायला तो गवतच. दांडा चिमटीत धरून फिरवला की फरक कळतो: बहुतेक जातींत तो भरीव व तीन कडांचा असतो आणि पाने तीन रांगांत येतात. गवताचा दांडा गोल, पेऱ्यांचा आणि बहुधा पोकळ. जगात या कुलाच्या सुमारे 5,500 जाती आहेत.

हवामानाच्या इतिहासात लव्हाळ्याला महत्त्व आले ते परागकणांमुळे. या कुलात परागाच्या एका मातृपेशीतून चार केंद्रके तयार होतात, त्यांतली तीन मरतात आणि एकच कण उरतो. वनस्पतिसृष्टीत ही विरळा रीत आहे. दलदलीच्या तळाशी प्राणवायू पोचत नाही, म्हणून असा कण हजारो वर्षे टिकतो. त्यावरून कूळ कळते, जात सहसा कळत नाही.

होलोसीन म्हणजे गेल्या सुमारे 11,700 वर्षांचा काळ. त्या काळातील पावसाचा माग मध्य प्रदेशात दलदलींच्या गाळातून काढला गेला आहे. अनूपपूर जिल्ह्यातील पडौना दलदलीत सुमारे 8,600 ते 7,500 वर्षांपूर्वी झाडे विरळ व गवताळ माळ जास्त, म्हणजे पाऊस कमी, असे आढळले. पुढे पाऊस वाढला आणि मोहासारखी पानझडी झाडे आली; सालवन त्याहून बरेच अलीकडचे. महाराष्ट्रातल्या लोणार सरोवराच्या गाळात सुमारे 4,600 ते 3,900 आणि 2,000 ते 600 वर्षांपूर्वीचे दीर्घ अवर्षणाचे काळ दिसतात. तिथे गेलुसाइट या क्षाराचे स्फटिकही सापडले. पाणी आटून खारट झाल्याची ती वेगळी खूण.

लव्हाळ्याची साक्ष मात्र जपून घ्यावी लागते. पराग वाढले म्हणजे पाऊस वाढला असे नाही. तळे आटत जाऊन काठचा चिखल रुंदावला, तरी लव्हाळे माजतात. म्हणजे हा साक्षीदार आधी त्या एका जागेच्या ओलाव्याविषयी बोलतो, मग प्रदेशाविषयी. त्याला झाडांच्या परागांची, कार्बनच्या समस्थानिकांची आणि क्षारांची जोड हवीच.

ही साक्ष जपून का घ्यावी, याचे जबलपूर जिल्ह्यातील मझौली हे चांगले उदाहरण ठरेल. जिल्ह्यात ‘हवेली’ पद्धतीची शेती चालत आली आहे: उंच बांध घालून काळ्या जमिनीत पावसाचे पाणी साठवायचे, पावसाळा सरला की ते सोडून देऊन गहू-हरभरा पेरायचा. साचलेल्या पाण्याने तण कुजते, तरी बांधाच्या कडेला आणि भातखाचरात लव्हाळे तग धरतात. अशा भागातील गाळाच्या वरच्या थरांत लव्हाळ्याचे पराग दिसले, तर त्याचे श्रेय मान्सूनला देण्याआधी शेतकऱ्याच्या बांधाचा विचार करावा लागतो.