परिस्थितिविज्ञान व संवर्धन जीवशास्त्र (विद्यापीठीय शिक्षण)

सजीवांचे परस्परांशी व परिसराशी असलेले संबंध परिस्थितिविज्ञान अभ्यासते. त्या ज्ञानाच्या आधारे जाती व अधिवास टिकवण्याचे उपाय संवर्धन जीवशास्त्र शोधते. भारतात हे शिक्षण मुख्यतः पदव्युत्तर पातळीवर मिळते. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींच्या मार्गदर्शनाखाली पक्ष्यांवरील संशोधनाला मुंबई विद्यापीठाची पदवी मिळू लागली. पुढे १९८२ मध्ये डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली, तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत माधव गाडगीळ यांनी परिस्थितिविज्ञानाचे केंद्र उभारले.

क्षेत्रकार्य हा या शिक्षणाचा खरा कणा. पहाटे आखलेल्या सरळ रेषेवरून चालताना चितळांचा कळप दिसला, की विद्यार्थी त्यातील संख्या, कळपापर्यंतचे अंतर आणि होकायंत्रावरील कोन टिपतो. रेषेपासून दूर जावे तसे प्राणी नजरेतून अधिक निसटतात. हे निसटण्याचे प्रमाण काढूनच घनतेचा अंदाज बांधता येतो. वाघांची गणना कॅमेरा ट्रॅपमधील छायाचित्रांवरून होते, कारण प्रत्येकाच्या पट्ट्यांची ठेवण वेगळी असते. अशा मोजणीमुळे संख्याशास्त्राला पर्याय नाही, आणि निसर्गप्रेमापोटी आलेल्या अनेकांना तेच जड जाते.

जनुकशास्त्र, वर्गीकरण व भूदृश्य-नकाशांबरोबर समाजशास्त्रही शिकावे लागते. रानडुकरांनी उद्ध्वस्त केलेले शेत, गुराख्यांची चराई, २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे हे प्रश्न जाणून न घेता आखलेली संवर्धन योजना जंगलाकाठच्या गावांवर अन्याय करते.