'ब्लास' ते 'ओपनब्लास' : वेगवान गणनेच्या मुक्त आज्ञावली-संग्रहांचा इतिहास

संगणकाच्या वेगाचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. प्रोसेसर वेगवान होत गेले आणि म्हणून गणना वेगवान झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्याच यंत्रावर, तेच गणित, त्याच अचूकतेने करणाऱ्या दोन आज्ञावलींच्या वेगात कित्येक पटींचे अंतर पडू शकते. हे अंतर मिटविण्याचे ज्ञान कोणाच्या मालकीचे राहिले आणि ते सर्वांना कसे खुले झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात रेषीय बीजगणिताच्या आज्ञावली-संग्रहांच्या, म्हणजेच 'लायब्ररीं'च्या, आधारे घेतला आहे.

१९७३ मध्ये हॅन्सन, क्रोग आणि लॉसन यांनी एक साधी सूचना मांडली. सदिशांची बेरीज, गुणाकार यांसारख्या मूलभूत क्रियांची नावे व त्यांना माहिती पुरविण्याची पद्धत सर्वांनी एकच ठरवावी, म्हणजे प्रत्येक यंत्रासाठी आतील आज्ञावली वेगळी लिहिली तरी वरचे काम बदलावे लागणार नाही. किनकेड यांच्यासह या तिघांनी १९७९ मध्ये हा प्रस्ताव 'ब्लास' या नावाने प्रसिद्ध केला. त्याच वर्षी आलेला 'लिनपॅक' हा संग्रह याच पायावर उभा होता. 'ब्लास' ही मुळात आज्ञावली नव्हे, तर करार होता. पुढील सर्व घडामोडी या एका निर्णयामुळे शक्य झाल्या, असे म्हणण्यास हरकत नाही.

यंत्रे मात्र बदलली. प्रोसेसरचा वेग वाढला, तुलनेने मुख्य स्मृतीचा वेग मागे पडला. सदिशांच्या क्रियेत प्रत्येक संख्या स्मृतीतून आणावयाची, एकदा वापरावयाची आणि सोडून द्यावयाची. प्रोसेसर बहुतेक काळ वाट पाहतच राहतो. मॅट्रिक्सच्या गुणाकाराची गोष्ट वेगळी आहे. १००० ओळी व १००० स्तंभांच्या दोन मॅट्रिक्सच्या गुणाकारात, उत्तर धरून, ३० लाख संख्या गुंतलेल्या असतात. क्रिया मात्र सुमारे २०० कोटी होतात. म्हणजे एकदा आणलेली संख्या शेकडो वेळा वापरता येते, परंतु ती प्रोसेसरजवळच्या छोट्या व जलद स्मृतीत, म्हणजे 'कॅश'मध्ये, टिकवून ठेवता आली तरच. यासाठी मॅट्रिक्सचे लहान लहान तुकडे पाडावे लागतात. १९८८ मध्ये 'ब्लास'चा दुसरा आणि १९९० मध्ये मॅट्रिक्स-गुणाकाराचा तिसरा स्तर प्रसिद्ध झाला. १९९२ चा 'लापॅक' त्यावर रचला गेला. जॅक डोंगारा व एरिक ग्रोस यांनी १९८५ च्या सुमारास सुरू केलेल्या 'नेटलिब' या भांडारातून असे संग्रह ई-मेलद्वारे कोणासही विनामूल्य मिळत. महाजालाचा प्रसार होण्यापूर्वीची ही गोष्ट आहे.

तथापि, 'नेटलिब'वरील 'ब्लास' अचूक असला तरी वेगवान नव्हता. वेगवान आवृत्त्या यंत्र-उत्पादकांकडे होत्या आणि त्यांचा स्रोत बंदिस्त होता. या कोंडीवर दोन उत्तरे निघाली. टेनेसी विद्यापीठात क्लिंट व्हेली व डोंगारा यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'अ‍ॅटलस' तयार केला. तो स्थापनेच्या वेळी तुकड्यांचे नाना आकार त्या यंत्रावर प्रत्यक्ष चालवून पाहतो आणि सर्वांत जलद ठरेल ते स्वीकारतो. दुसरे उत्तर थेट हस्तकौशल्याचे होते. जपानच्या पेटंट कार्यालयातील कर्मचारी काझुशिगे गोतो यांनी टेक्सास विद्यापीठात, ऑस्टिन येथे, यंत्रभाषेच्या पातळीवर प्रत्येक प्रोसेसरसाठी स्वतंत्र आज्ञावली लिहिली. त्यांचा 'गोतोब्लास' उत्पादकांच्या आवृत्त्यांनाही मागे टाकू लागला.

येथेच खरा पेच होता. 'गोतोब्लास'चा स्रोत पाहता येत असे. पण आरंभीचा परवाना शैक्षणिक व अव्यावसायिक वापरापुरताच होता. शिवाय सर्व कौशल्य एका व्यक्तीच्या हातात एकवटले होते. ती व्यक्ती थांबली तर पुढच्या प्रोसेसरसाठी कोण लिहिणार? २००८ मध्ये गोतो व रॉबर्ट व्हॅन द गाइन यांनी या पद्धतीची उकल करणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला, तेव्हा निदान त्यामागचा विचार तरी सार्वजनिक झाला. त्यानंतर २०१० मध्ये 'गोतोब्लास-२' हा बीएसडी परवान्याखाली, म्हणजे व्यावसायिक वापरासह, खुला करण्यात आला. त्याच सुमारास गोतो यांनी विद्यापीठ सोडले आणि ते उद्योगक्षेत्रात गेले. परवाना बदलला नसता, तर हे काम बहुधा तेथेच गोठले असते.

या प्रश्नाचा संबंध केवळ गणितज्ञांशी नाही. १९९३ पासून जगातील ५०० महासंगणकांची क्रमवारी ज्या चाचणीने लावली जाते, ती 'लिनपॅक'चीच वंशज असून तिचा बहुतांश काळ मॅट्रिक्स-गुणाकारात जातो. पुण्यातील 'एका' हा महासंगणक नोव्हेंबर २००७ मध्ये चौथ्या क्रमांकावर आला, तो याच चाचणीच्या निकषावर.

'गोतोब्लास-२'ची बीएसडी आवृत्ती घेऊन चीनमधील विज्ञान अकादमीच्या सॉफ्टवेअर संस्थेत झांग शियानयी व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'ओपनब्लास' सुरू केला. आरंभी लक्ष्य होते चिनी बनावटीचा 'लूंगसन' प्रोसेसर, ज्याच्यासाठी कोणा परदेशी उत्पादकाने वेगवान आवृत्ती लिहिण्याचे कारणच नव्हते. पुढे निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवकांनी त्यात इतर प्रोसेसरांची भर घातली. आज 'पायथन' भाषेतील 'नमपाय' हा संग्रह अनेक संगणकांवर उतरवून घेतला की त्याच्या पोटात 'ओपनब्लास' आपसूक येतो. वापरणाऱ्यास त्याचे नावही ठाऊक नसते. त्याच्या कित्येक स्रोत-संचिकांच्या माथ्यावर मात्र टेक्सास विद्यापीठाच्या स्वामित्वाची ओळ अद्याप तशीच आहे.