मोज्याचा आकार: टाक्यांचा की कात्रीचा

पायमोजा विणण्यातली खरी कसोटी पोटरीखाली असते. पोटरीला रुंद असलेली वीण घोट्यापर्यंत निमुळती होत गेली पाहिजे. इंग्लंडमधील नॉटिंगहॅमजवळच्या कॅलव्हर्टनच्या विल्यम ली याने १५८९ मध्ये पहिले विणयंत्र बनवले, तेव्हा ओळीतले सगळे टाके एकदम पडू लागले. आकार मात्र कारागिराच्या हातीच राहिला. ठरावीक ओळी झाल्या की तो कडेचे टाके हातातल्या अवजाने आतल्या सुयांवर सरकवी आणि कडेची सुई रिकामी सोडी. अशा सपाट तुकड्याला मागे शिवण घातली की मोजा तयार होई. शिवणीलगत राहिलेल्या दुमडल्यासारख्या खुणा हीच त्या मेहनतीची साक्ष.

यंत्र सांभाळणे हेही कौशल्यच होते. सुईचे टोक लांब, लवचिक आकड्याचे असे. तो आकडा वेळेवर दाबून मिटला नाही, तर जुना टाका त्यातच अडके आणि वीण जाड होई. सुई किंचित वाकली तर टाका निसटून खालपर्यंत उसवत जाई. सुया शिशाच्या छोट्या ठोकळ्यांत बसवलेल्या असत. वाकलेली सुई पकडीने सरळ करायची, मोडलेली असेल तर शिसे वितळवून ठोकळा नव्याने ओतायचा, हे काम विणकराला यावेच लागे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी काही मालकांनी रुंद यंत्रांवर सलग कापड विणून त्यातून मोजे कापायला सुरुवात केली. कापलेल्या कडेचे टाके मोकळे होत आणि शिवण लवकर उसवे. अशा मालाने साऱ्या धंद्याचे नाव खराब होते आणि मजुरी घसरते, अशी विणकरांची तक्रार होती. १८११ मध्ये नॉटिंगहॅमशायरमध्ये यंत्रे फोडली जाऊ लागली, त्यामागे हे एक मोठे कारण होते. यंत्रे फोडणाऱ्या या विणकरांना, म्हणजेच लडाइटांना, यंत्राचे आंधळे शत्रू ठरवणे अन्यायाचे आहे. यंत्रावरच त्यांचे पोट होते. संसदेने मात्र १८१२ मध्ये यंत्रे फोडणाऱ्यांसाठी फाशीची तरतूद केली. कवी लॉर्ड बायरन यांनी उमरावांच्या सभागृहात त्या विधेयकाला विरोध केला, तरी ते मंजूर झाले.

आकार देण्याचे काम यंत्राकडे गेले ते बरेच उशिरा. लफबरोच्या विल्यम कॉटन याने १८६४ मध्ये पेटंट घेतलेल्या यंत्रात टाके आपोआप कमी-जास्त होत आणि एकाच वेळी अनेक नग विणले जात. जपानच्या शिमा सेइकी कंपनीने १९९५ मध्ये अखंड कपडा विणणारे यंत्र दाखवले, तेव्हा शिवणही गेली.

कात्री मात्र टिकली. कापून शिवलेला माल स्वस्त पडतो, म्हणून आजही बाजारातले बहुतेक टी-शर्ट विणलेल्या कापडातून कापूनच शिवले जातात.