मोडलेलें बोट आणि पोलादी तार



माझ्या वडिलांचें बोट गुऱ्हाळाच्या चरकांत सांपडून मोडलें, तेव्हां मी गगनबावड्याच्या शाळेंत शिकत होतों. गांवांतील एका जाणत्या माणसानें बांबूच्या कामट्या लावून तें घट्ट बांधलें व दोन महिने हलवूं दिलें नाहीं. हाड जुळलें, पण बोट वांकेना. त्या हातानें त्यांना पुढें कधीं विळा नीट धरतां आला नाहीं. हाड सांधलें आणि हात मात्र अधू राहिला, हें कसें? या कोड्याचा उलगडा शल्यशास्त्रानें कसा केला, तो इतिहास आज आपणांपुढें ठेवीत आहें.

मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत एका हातांत २७ हाडें असतात. बोटें मिटविणाऱ्या व उघडणाऱ्या कंडरा या हाडांना लागून दोरीसारख्या सरकतात. हाड मोडून सूज आली आणि बोट फार दिवस बांधून ठेवलें, कीं कंडरा भोंवतीं चिकटतात व सांधे आंखडतात. हें मर्म आपल्याकडे अज्ञात नव्हतें. बंध फार घट्ट झाल्यास सूज व वेदना होतात, असा इशारा सुश्रुतसंहितेंत आहे. तळहाताचें हाड मोडलेल्या रोग्यानें आधीं मातीचा गोळा, मग मिठाचा खडा आणि बळ आल्यावर दगड हातांत धरावा, असा क्रमही तेथें सांगितला आहे. आमच्या खेड्यांत कामटी टिकली. मातीचा गोळा मात्र विसरला गेला.

पण मोडलेलें हाड कामटीनें जागेवर राहत नसेल, तर बोट हलवावें कसें? येथें नव्या विद्येचें साहाय्य झालें. १८९५ च्या नोव्हेंबरांत राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला आणि डिसेंबरांत त्यांनीं आपल्या पत्नीच्या हाताचें चित्र घेतलें. त्यांत हाडें व बोटांतील अंगठी स्पष्ट दिसली. कातडी न उघडतां हाड पाहतां येऊं लागलें. १९०९ सालीं जर्मनीतील मार्टिन किर्शनर यांनीं मोडलेल्या हाडास ताण देण्यासाठीं बारीक पोलादी तार पुढें आणली. १९२४ सालीं अमेरिकेतील टेनन्ट नांवाच्या शल्यवैद्यानें तर हाताचीं लहान हाडें जागीं धरण्यासाठीं ग्रामोफोनच्या पोलादी सुईचा उपयोग केल्याचें प्रसिद्ध केलें! पुढें किर्शनरची तारच या कामीं रूढ झाली.

आज ही क्रिया अशी होते. हात बधिर करून हाड बाहेरूनच ओढून सरळ करितात. मग क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुमारें एक मिलिमीटर जाडीची तार कातडीतून हाडांत फिरवीत घालतात. मोठा छेद नाहीं, म्हणून कंडरांना इजा कमी. बहुधा तीन-चार आठवड्यांनीं तार ओढून काढतात. तोंवर तिच्या तोंडाशीं पू होऊं नये म्हणून जागा स्वच्छ व कोरडी ठेवावी लागते.

या इतिहासांत मुंबईचाही वांटा आहे. तेथील हस्तशल्यज्ञ डॉ. बी. बी. जोशी यांनीं १९८८ च्या सुमारास एक बाह्य आधारयोजना पुढें आणली. तिला ‘जेस’ म्हणतात. मोडीच्या दोन्ही बाजूंस तारा घालून त्या हाताबाहेर लहान दांड्यांनीं जोडतात. चिरडलेल्या, जखमी बोटांस ती विशेष उपयोगी पडते, कारण जखम मोकळी राहते.

प्रत्येक मोडीस तार लागते, असें नव्हे. हाड जागेवर असेल तर शेजारच्या बोटाशीं बांधणेंही पुष्कळदां पुरतें. कांहीं मोडी मात्र उघडूनच बसवाव्या लागतात. कोणती कशी, हें क्ष-किरणांचें चित्र पाहून वैद्यानेंच ठरवावें. आपण एवढेंच करावें: अंगठी तत्काळ काढावी, मूठ मिटतांना बोट शेजारच्या बोटावर चढतें काय तें पाहावें, आणि दिवस घालवूं नयेत. दोन-तीन आठवड्यांत वांकडें हाड वांकडेंच जुळूं लागतें. गगनबावड्याहून कोल्हापूर सुमारें ५५ किलोमीटर. विळा धरणाऱ्या हातासाठीं ही वाट लांब नव्हे.

माझ्या वडिलांचें हाड त्या जाणत्यानें जोडलें, त्याला मी दोष देत नाहीं. त्यानें आपलें काम केलें. पुढें मातीचा गोळा त्यांच्या हातीं देणारें कोणी नव्हतें, एवढेंच.